‘स्लीपवॉकर्स’ दोन भागांत गुंडाळली: दोष कल्पनेचा की एनबीसीचा?

चांदणवेळ (धागाकर्ता)

‘दुसऱ्याच्या स्वप्नात शिरण्याची कल्पना टीव्हीवर चालतच नाही, स्लीपवॉकर्स दोन भागांत बंद पडली हाच पुरावा,’ असं परवा इथे कुणीतरी दोन ओळींत ठोकून दिलं. हे वाचून गप्प बसवत नाही.

एनबीसी या अमेरिकी वाहिनीने ही मालिका १ नोव्हेंबर १९९७ ला, शनिवारी रात्री सुरू केली. नऊ भाग तयार होते, दाखवले दोन. नोव्हेंबर हा अमेरिकेत ‘स्वीप्स’चा महिना. त्यातल्या नीलसन या प्रेक्षक मोजणाऱ्या कंपनीच्या आकड्यांवर स्थानिक केंद्रांचे जाहिरातींचे दर ठरतात, त्यामुळे त्या चार आठवड्यांत कुणालाही धीर नसतो. इतर मालिका सप्टेंबरपासून लागलेल्या, प्रेक्षकांच्या सवयी पडून गेलेल्या. अशा वेळी स्वप्नाचे नियम समजून घ्यायला लावणारी मालिका आणायची आणि दोन भागांच्या आकड्यांवर उतरवायची, ही कल्पनेची परीक्षा नव्हेच.

माणसं तर बघा. निर्माते डेव्हिड गॉयर आणि स्टीफन गॅगन. गॅगनना पुढे ‘ट्रॅफिक’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. ब्रूस ग्रीनवुड मुख्य भूमिकेत, सोबत नेओमी वॉट्स. ग्रीनवुडचा डॉ. ब्रॅडफर्ड प्रयोगशाळेत झोपून रुग्णांच्या स्वप्नांत उतरतो, आणि कोमात असलेल्या बायकोला तिथेच भेटतो. दर भागाला नवा रुग्ण म्हणजे नवं स्वप्न, त्याची नवी तऱ्हा; आणि बायकोचा धागा सगळ्या भागांतून पुढे जाणारा. याहून टीव्हीला सोयीची रचना कोणती?

तिठा

साफ असहमत. ती दोन ओळींची पोस्ट माझीच, आणि मी त्यावर ठाम आहे.

शनिवार आणि स्वीप्स बाजूला ठेवा. स्वप्नांवरच्याच ‘फॉलिंग वॉटर’ला यूएसए नेटवर्क या वाहिनीने २०१६ ते २०१८ मध्ये दोन सीझन दिले, एकूण २० भाग. ‘रेव्हरी’ला एनबीसीनेच २०१८ मध्ये १० भाग दिले. दोन्ही गेल्या. तिथेही नोव्हेंबरच आडवा आला का?

रोग मुळात आहे. स्वप्नात काहीही घडू शकतं, म्हणून काहीच पणाला लागत नाही. नायक कड्यावरून पडला तरी जागा होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. मग लेखक ‘स्वप्नात मेलास तर खरंच मेलास’ असा नियम वरून चिकटवतात. का, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. रेव्हरीवाल्यांनी तर झोपेतलं स्वप्न सोडलं आणि संगणकाने उभं केलेलं जग घेतलं, कारण त्याला नियम लावता येतात. ही कबुलीच आहे.

चांदणवेळ

रेव्हरी ३० मे ला सुरू झाली, म्हणजे मुख्य हंगाम संपल्यावर. त्या वेळी उरलंसुरलं लावतात, हे तुम्हालाही माहीत आहे. फॉलिंग वॉटर मात्र मान्य. तिला वेळ मिळाला आणि तिने तो वाया घालवला. तीन अनोळखी माणसं एकाच स्वप्नाचे तुकडे बघतायत, एवढं समजायलाच इतके भाग लागतात की बघणारा सोडून देतो. पण तो मांडणीचा दोष झाला.

ईईजीवाला

अवांतर होईल, पण हे इतकी वर्षं खटकतंय. बायको *कोमात* आहे ना? मग तिला स्वप्नं पडतील कशी?

कोमात झोप-जागेचं चक्रच नसतं. डोळे सतत मिटलेले, कितीही हलवलं तरी जाग नाही. मेंदूस्तंभातून वर जाणारी, जागं ठेवणारी यंत्रणा तरी बिघडलेली असते, नाहीतर दोन्ही बाजूंचे मोठे मेंदू. ‘स्पिंडल कोमा’ या प्रकारात मेंदूच्या लहरींच्या आलेखावर (ईईजीवर) झोपेसारख्या लहरी दिसतात, तरी ती झोप नव्हे. स्वप्नांची आरईएम झोप, म्हणजे मिटल्या डोळ्यांची जलद हालचाल होते ती, सहसा मिळतच नाही. शिवाय कोमा टिकतो साधारण दोन ते चार आठवडे. त्यानंतर माणूस सावरतो, दगावतो, किंवा डोळे उघडतात पण भान येत नाही अशा अवस्थेत जातो. तिला कोमा म्हणत नाहीत. टीव्हीवाले या सगळ्याची एकच मोट बांधतात आणि रुग्णांच्या नातेवाइकांना त्यातून खोटी आशा लागते.

चांदणवेळ

ही काल्पनिका आहे, न्यूरॉलॉजीचा पेपर नाही. प्रत्येक धाग्यावर येऊन शब्दाचा कीस पाडायलाच हवा का? आणि भान नाही हे तुम्ही बाहेरून ठरवणार? २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांच्या गटाने अशाच, भान नाही असं निदान झालेल्या २३ वर्षांच्या तरुणीला एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या यंत्रात) ‘टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर’ असं सांगितलं, आणि मेंदूचा नेमका हालचालीचा भाग उजळला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

ईईजीवाला

तुम्ही माझीच बाजू मांडलीत. ती तरुणी *कोमात नव्हती*. अपघाताला पाच महिने झाले होते, तिचं झोप-जागेचं चक्र चालू होतं. २०१० मध्ये भान नसलेल्या किंवा किंचित भान असलेल्या ५४ रुग्णांची तपासणी झाली, त्यांतल्या फक्त ५ जणांना सांगितल्याप्रमाणे मेंदू चालवता आला. फरक महत्त्वाचा आहे, आणि त्याला कीस म्हणणं मला लागलं.

किंचित भान असलेल्या, म्हणजे अधूनमधून सांगितल्यावर बोट हलवू शकणाऱ्या रुग्णांत आरईएम झोप नोंदलेली आहे. लेखकांनी बायकोला कोमाऐवजी त्या अवस्थेत ठेवलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं आणि गोष्टीचं काहीही बिघडलं नसतं.

चांदणवेळ

बिघडलं असतं. इतर कुणीही तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही, फक्त तो पोहोचतो, यावर सगळं उभं आहे. बोट हलवणारी बायको असती तर डॉक्टरही तिच्याशी संवाद साधू शकले असते. पण आरईएमचा मुद्दा बरोबर आहे, नाइलाजाने मान्य.

तिठा

दोघेही मूळ प्रश्न सोडून भांडताय. पणाला काय लागतं, ते सांगा.

ईईजीवाला

तेच सांगतो, उत्तर झोपेतच आहे. पहिली आरईएम झोप येते झोप लागल्यावर साधारण ९० मिनिटांनी, आणि टिकते पाच-दहा मिनिटं. पुढची चक्रं ९० ते ११० मिनिटांची, पण आरईएमचा वाटा वाढत जातो. पहाटेची पाळी अर्धा तासही चालते. आता दोन माणसांची चक्रं जुळवायची आहेत. आत जाणाऱ्याला पाच तास झोपवून उठवा, अर्धा-पाऊण तास जागं ठेवा आणि पुन्हा निजवा; मग आरईएम लवकर येते. रुग्णाच्या हनुवटीच्या स्नायूंचा आलेख सपाट झाला आणि डोळ्यांचे झटके सुरू झाले की दार उघडलं. आलेखाचं एक पान ३० सेकंदांचं असतं, म्हणजे आलेख बघणारा ऑपरेटर तेवढ्या तेवढ्या अंतराने निर्णय देणार. रुग्ण आरईएममधून बाहेर आला की दार बंद.

बिघडण्याच्या जागाही खऱ्या आहेत. घाम आला की आलेखावर संथ लहरींचा भास होतो. डोक्याला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडचा विद्युतरोध ५ किलोओमच्या वर गेला की आलेखावर कचरा दिसतो. आणि नव्या जागेत पहिल्या रात्री आरईएम कमीच येते.

आतून खूणही करता येते. हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये स्वप्नातल्या माणसाने डावी-उजवी नजर फिरवून केलेली खूण कागदावर नोंदली. २०२१ च्या प्रयोगांत झोपलेल्याला ‘आठ वजा सहा’ विचारलं आणि त्याने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. मात्र १५८ प्रयत्नांत बरोबर उत्तरं आली १८ टक्क्यांच्या आसपास. निम्म्याहून जास्त वेळा काहीच उत्तर नाही.

तिठा

हे आधी का नाही सांगितलंत? वेळेची खिडकी आणि पाचांतून एकदाच पोहोचणारी खूण: इथे पणाला काहीतरी लागतं, आणि मरण चिकटवावं लागत नाही. एवढं मी मागे घेतो. कल्पना चालू शकते.

पण बाकीचं नाही. हे सगळं पहिल्याच भागात, जाहिरातींच्या मध्ये, समजावणार कसं? तिथेच लोक उठून गेले असते.

चांदणवेळ

समजावायचंच कशाला? तेव्हा तासाभराची मालिका चार अंकांत बांधत. रात्रीत आरईएमच्या पाळ्याही चार-पाच. पहिल्या अंकात पाच मिनिटं आत आणि हकालपट्टी, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात वीस, शेवटच्या अंकात पहाटेची लांब पाळी. ऑपरेटरच्या तोंडी फक्त ‘दार मिटतंय’ ठेवा.

तिठा

आणि अंकांमधली ९० मिनिटं ती माणसं काय करणार?

ईईजीवाला

सुटलेल्या तारा परत चिकटवतील आणि आत काय दिसलं यावर भांडतील. उठवल्यावर लगेच विचारलं नाही तर स्वप्न काही मिनिटांत विरतं, त्यामुळे आत गेलेला आणि रुग्ण, दोघांच्या जबान्या जुळणारच नाहीत.