मुद्रणदोष, स्कॅनदोष की जुनी वर्तनी?

प्रश्न : दृष्टिहीन वाचकांसाठी १९४०च्या सुमाराच्या एका चरित्राचा स्कॅनवरून काढलेला मजकूर तपासतेय. त्यात ‘नांव’, ‘घरांत’, ‘केलें’ सर्रास आहे. एका ठिकाणी ‘संसाराचा मार सोसला’ आलंय. यातल्या कशाला मुद्रणदोष म्हणायचं?

उत्तर : ‘नांव’ला हात लावू नका. ते त्या काळचं शुद्धलेखनच आहे; अनुच्चारित अनुस्वार अधिकृतपणे गेले ते १९६२च्या नियमांनी. शिवाय ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी, हा फरक ते टिंबच दाखवत होतं.

‘मार’चं वेगळं. आधी पानाचं चित्र मोठं करून बघा. तिथे ‘भार’ असेल तर चूक ओसीआरची, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची; ती सरळ दुरुस्त करा. भ-म, ध-घ, ब-व यांत ओसीआर हमखास घसरतं, आणि ‘मार’ हाही खरा शब्द असल्याने स्पेलचेकला तो खटकत नाही. पानावरच ‘मार’ असेल तर तो बहुधा मुद्रणदोष. छपाईचा खिळा झिजलेला असू शकतो. पण लेखकाला ‘मार’च म्हणायचं असेल, हीही शक्यता आहे, म्हणून तिथे शब्द तसाच ठेवून तळटीप द्या.

प्रश्न : आमच्यातल्या काहींचं म्हणणं, जे छापलंय ते सगळंच तसंच ठेवावं.

उत्तर : मला हे अजिबात पटत नाही. ‘पुस्कत’ छापलेलं असलं तरी डोळस माणूस ‘पुस्तक’च वाचून पुढे जातो. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र ‘पुस्कत’ म्हणतो. ऐकणारा अडतो, मागे जाऊन एकेक अक्षर ऐकतो, आणि तरी दोष आवाजाचा, स्कॅनचा की छापखान्याचा हे त्याला कळत नाही. उघड चूक सुधारा, आणि मूळ रूप पृष्ठांकासह शेवटी नोंदवा. मजकुरात कंस घालू नका, वाक्य ऐकताना तुटतं. पुस्तकाला शुद्धिपत्र असेल तर त्यातले बदल मजकुरातच करा. शुद्धिपत्रही राहू द्या.

आणखी एक : ‘आचाऱ्यांना’चं ओसीआर ‘आचार्यांना’ करून टाकतं, आणि जेवणावळीतले स्वयंपाकी एकदम गुरू होतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’चंही तेच, कोकणावरच्या पुस्तकात तर दोन्ही येणार. ‘र्य’ शोधून प्रत्येक जागा पानाशी ताडून बघा.