‘दुर्वाहक’ की ‘उष्णतारोधक’? आणि यानाच्या वाकळीला काय म्हणावं?

उदगीरचा मास्तर: वर्गात सांगून बसलो की अंतराळयानाला गुंडाळलेला चंदेरी कागद उष्णतेचा दुर्वाहक असतो. मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, “सर, तो ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम सुवाहक, तुम्हीच शिकवलंय.” ‘इन्सुलेशन’ला नेमका शब्द सांगा राव.

औंढेकर: पोरीचं बरोबर आहे. ‘दुर्वाहक’ फक्त वहनापुरता. ‘विसंवाहक’मध्येही वहनच बसलंय. अंतराळात हवा नाही, म्हणून अभिसरण नाही. उष्णता येते ती मुख्यतः प्रारणानं, म्हणजे किरणांच्या रूपात. प्लास्टिकच्या पापुद्र्यावरचा ॲल्युमिनियमचा थर मायक्रॉनहून पातळ असतो, तो प्रारण परतवतो. म्हणून ‘उष्णतारोधक’. कशानं रोखलं ते हा शब्द विचारत नाही. (‘निरोधन’ नको, वर्ग हसेल.)

मांजराकाठ: इंग्रजीत त्या थरांच्या गठ्ठ्याला ब्लँकेटच म्हणतात. मग आपली वाकळ काय वाईट? थरावर थर, वर टाके.

औंढेकर: शब्द झकास, पण एक गोम आहे ताई. आजीची वाकळ थरांत हवा धरून ऊब देते. यानाची वाकळ हवा काढल्यावरच काम करते. उड्डाणात आतली हवा निघून जावी म्हणून पापुद्र्यांना बारीक भोकं पाडतात. वाकळ दाट टाक्यांची चांगली, इथं टाका पडला की थर टेकतात आणि तिथूनच उष्णता झिरपते. म्हणून मध्ये विरळ जाळी घालतात. जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीच्या ऊन अडवणाऱ्या पडद्याचे पाच पापुद्रे तर एकमेकांपासून लांब ताणलेत.

मास्तर: आणि एअरोजेल? पोरं ‘जेली’ म्हणतात.

औंढेकर: जेलीतला द्रव काढून सांगाडा तसाच ठेवला की एअरोजेल. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ किस्लरनं 1931 मध्ये केलं. बहुतेक हवाच. मंगळावरच्या गाड्यांत ऊब आत ठेवायला वापरलं. द्रव हायड्रोजनच्या टाकीत उलट काम: आत −253 अंश, उष्णता बाहेर ठेवायची. नासाच्या केनेडी अंतराळ केंद्रावरच्या नव्या गोल टाकीत दोन भिंतींमध्ये पर्लाइटऐवजी (फुगवलेल्या ज्वालामुखी काचेच्या भुकटीऐवजी) काचेचे पोकळ मणी भरलेत. मी त्यांना ‘काचबुडबुडे’ म्हणतो, तुम्ही बघा.

देवणीचा पशुधनवाला: एवढ्या लांब कशाला जाता? आमच्या जनावरांच्या दवाखान्यातला द्रव नायट्रोजनचा कॅन बघा. देवणी, लाल कंधारी वळूंच्या कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा त्यातच, −196 अंशाला. दोन भिंती, मध्ये पोकळी, पोकळीत हीच चंदेरी वाकळ. गडी म्हणतो, “झाकण लावा, नाहीतर थंडी निघून जाईल.” खरं तर उष्णता आत येते, पण भाषा त्याचीच चालते.

मास्तर: पोकळी बिघडली तर कळतं कसं?

देवणीचा पशुधनवाला: सकाळी कॅनच्या अंगावर पाणी, नाहीतर दंव. पट्टी बुडवून बाहेर हलवली की दंवाची रेघ कालपेक्षा चार बोटं खाली. ‘इन्सुलेशन गेलं’ आमच्यात कुणी म्हणत नाही. “कॅनला घाम फुटला” म्हणतात, आणि दुसरा कॅन आणायला पळतात.