मदत हवी आहे: श्रीलंकेला बोटीनं स्वस्तात कसं जायचं?

तवंदीघाट:
श्रीलंकेला बोट सुरू झाली आहे असं ऐकलं. तिकीट कुठं काढायचं, किती पडतं आणि निपाणीहून तिथवर पोचायचं कसं? एजंटाकडं गेलं की विमानाचं पॅकेजच पुढं करतो, ते आम्हाला परवडत नाही. घरी शब्द दिलाय, जरा लवकर सांगा.

भीमगड_खानापूर:
बोट आहे. तमिळनाडूतल्या नागपट्टिणमहून सुटते आणि जाफन्याच्या वर कांकेसंतुरै बंदराला लागते. साधारण 110 किलोमीटर, चारेक तास. ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली, थोड्याच दिवसांत थांबली, मग 16 ऑगस्ट 2024 पासून 'शिवगंगाई' नावाची बोट लागली. दीडशे माणसं बसतात. 2025 च्या सुरुवातीला जाऊन-येऊन भाडं 8,500 केल्याच्या बातम्या होत्या. तिकीट बोट कंपनीच्या साइटवरच निघतं, एजंट लागत नाही.
पण तुम्ही कधी जाणार, किती जण, श्रीलंकेत कुठं, यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सांबरा_धावपट्टी:
बोटीच्या नादाला लागू नका. बेळगावहून रात्रीच्या रेल्वेनं बेंगळूर, तिथून कोलंबो दीड तास. तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर जाऊन-येऊन 15,000 च्या आत बसतं. नागपट्टिणमपर्यंतचा खर्च, तिथला मुक्काम, बोट आणि पुन्हा जाफन्याहून कोलंबोपर्यंतचे 400 किलोमीटर, सगळं धरा. काय वाचलं?

भीमगड_खानापूर:
कोलंबोला जायचंय असं त्यांनी कुठं म्हटलंय?

चिकोडी_पॅसेंजर:
समुद्रच बघायचा असेल तर अंदमानला जा की. पासपोर्ट नको, व्हिसा नको. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जहाज जातं, तीन दिवस नुसतं पाणी. परदेशाचा हट्ट कशाला?

लोंढा_जंक्शन:
मी रेल्वेतनं निवृत्त झालोय, म्हणून सांगतो. एके काळी मद्रासच्या एग्मोर स्टेशनात गाडीत बसलं की एकाच तिकिटावर कोलंबो गाठता यायचं. बोट मेल म्हणायचे तिला. रेल्वेनं रामेश्वरच्या टोकाचं धनुष्कोडी, तिथून स्टीमरनं लंकेतलं तलैमन्नार, पुढं परत रेल्वे. 1914 पासूनची सोय ती. समुद्राचा टप्पा 35 किलोमीटरचा, म्हणजे निपाणी-कोल्हापूर एवढाच. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळानं धनुष्कोडी वाहून गेलं, स्टेशन गेलं, पंबनहून निघालेली पॅसेंजर माणसांसकट गेली. त्यानंतर रामेश्वरहून बोट सुटायची, तीही ऐंशीच्या दशकात बंद पडली. त्या मार्गासाठी आजही जीव तुटतो. तिकडचे आणि इकडचे लोक दोन देशांतले आहेत असं वाटायचंच नाही.

चिकोडी_पॅसेंजर:
मग रामेश्वरहूनच का जात नाहीत? जवळ तेच आहे. दर्शनही होईल.

लोंढा_जंक्शन:
बंद पडली म्हणून वर लिहिलंय की. पंबनचा नवा पूल एप्रिल 2025 मध्ये उघडला, तो रेल्वेचा आहे. त्यानं रामेश्वरपर्यंतच जाता येतं.

तवंदीघाट:
आम्ही सहा जण. डिसेंबरच्या पौर्णिमेला अनुराधपुरात असायला पाहिजे. विमानाचं सांगू नका, आईला बोटीनंच जायचंय. ट्रेन कुठली तेवढं सांगा.

भीमगड_खानापूर:
डिसेंबर अवघड आहे हो. आपला पाऊस संपला की त्यांचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी वारे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर धडकतात, वादळंही त्याच दिवसांतली. मधली पाल्कची सामुद्रधुनी उथळ, लाटा आखूड आणि उंच उठतात. लहान बोटीचं काम नाही ते, म्हणून फेऱ्या थांबतात. 2024 च्या पावसाळ्यात थांबलेली बोट 22 फेब्रुवारी 2025 ला परत लागली.
डिसेंबरची पौर्णिमाच का? सुट्टी आहे म्हणून?

सांबरा_धावपट्टी:
मी तेच सांगत होतो. विमान.

तवंदीघाट:
सुट्टीचा प्रश्न नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला तिकडं उंदुवप पोया पाळतात, पोया म्हणजे पौर्णिमेचा बौद्ध सण. सम्राट अशोकाची मुलगी, भिक्खुणी संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रातनं लंकेला पोचली, त्याचा तो दिवस. ती फांदी अनुराधपुरात लावली, ते झाड आजही उभं आहे. बोधगयेला आई जाऊन आली. तेव्हापासून तिच्या मनात एकच आहे, की ज्या पाण्यातनं संघमित्रा गेली त्या पाण्यातनं आपणही जायचं. वय 68 आहे, गुडघे दुखतात. पुढच्या वर्षी बघू असं मला आता म्हणायचं नाही.

हिरण्यकेशी:
हे आधी लिहिलं असतं तर अंदमानचा विषय मध्ये आलाच नसता, दादा.
एक गोष्ट तुमच्या आईंना जरूर सांगा. संघमित्रा जिथं उतरली ते जंबुकोल बंदर कांकेसंतुरैच्या बाजूलाच आहे. आज त्याला दंबकोल पटुन म्हणतात, तिथं विहार आहे. म्हणजे नागपट्टिणमची बोट तुम्हाला जवळजवळ त्याच किनाऱ्यावर नेते. कोलंबोच्या विमानात ते मिळणार नाही. शिवाय कांकेसंतुरैहूनच रेल्वे सुटते, जाफना करून थेट अनुराधपूर. 400 किलोमीटरचा हिशोब इथं लागूच नाही, त्याच्या निम्म्यात पोचतात.
आता मला सांगा, सहाही जणांचे पासपोर्ट आहेत का?

सांबरा_धावपट्टी:
अनुराधपुराला जायचं असेल तर कोलंबोचा आग्रह मी सोडतो. पण त्रिची-जाफना विमान मार्च 2025 पासून आहे, चेन्नईहूनही आहे. तासाभराचा प्रवास. डिसेंबर धरून बसायचं असेल तर हाच मार्ग खात्रीचा.

तवंदीघाट:
पासपोर्ट माझा आणि भावाचा आहे. बाकी चौघांचे नाहीत. बोटीला पण लागतो का?

हिरण्यकेशी:
लागतोच. तो दुसरा देश आहे. आणि श्रीलंकेचं ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, ऑनलाइन काढावं लागतं, पर्यटकाला 30 दिवसांचं मिळतं. ते सरकारी साइटवरच काढा, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट पुष्कळ आहेत.
पासपोर्टला नेहमीची फी 1,500, तत्काळला 2,000 जास्त. बेळगावच्या पोस्टातल्या केंद्रात अपॉइंटमेंट मिळते, नाही मिळाली तर हुबळी. अर्ज भरण्याआधी आधार, रेशनकार्ड आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव एकसारखं आहे का बघा. आपल्या भागात एका कागदावर कन्नड वळणाचं स्पेलिंग, दुसऱ्यावर मराठी, कुठं वडिलांचं नाव गाळलेलं. सासूबाईंच्या वेळी सगळा वेळ त्यातच गेला. पहिलं काम ते करा, तिकीट मागाहून.

चिकोडी_पॅसेंजर:
आईंचं शिक्षण दहावीपर्यंत नसेल तर पासपोर्टवर ईसीआर (परदेशी कामाला जाताना तपासणी लागते असा) शिक्का पडतो आणि इमिग्रेशनला अडवतात. आमच्या गल्लीतल्या एकाला अडवलं होतं.

हिरण्यकेशी:
तो नोकरीला आखातात चालला असेल. ईसीआर ठराविक 18 देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे, श्रीलंका त्यात नाही. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्यांना तो लागत नाही. उगीच भीती घालू नका.

बोरगाव_भीमज्योत:
जय भीम. बाबासाहेब 1950 मध्ये कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, तेव्हा कँडीसुद्धा बघा. आणि 1925 मध्ये ते आपल्या निपाणीत परिषदेला आले होते. निपाणीतनं कोणी लंकेला निघालंय हे वाचून फार बरं वाटलं. परत आल्यावर विहारात येऊन सांगा.

तवंदीघाट:
जय भीम दादा, नक्की येतो. पण ट्रेनचं कोणीच सांगितलं नाही.

भीमगड_खानापूर:
वास्को-वेळांकणी एक्सप्रेस. आठवड्यातनं एकदाच असते, लोंढ्याला थांबते, हुबळी, सेलम, त्रिची, तंजावर करून नागपट्टिणमला जाते. आमच्या खानापूर तालुक्यातले ख्रिस्ती भाविक वेळांकणी मातेला याच गाडीनं जातात, गाडी बदलायची कटकट नाही. निपाणीहून बसनं बेळगाव, तिथून लोंढा. आईंचे गुडघे दुखतात तर खालचा बर्थ मागा. वेळांकणी नागपट्टिणमपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, यात्रेकरूंमुळं स्वस्त खोल्या भरपूर. बोटीच्या आदल्या दिवशी पोचलंच पाहिजे, लंकेतनं परतल्यावरही एक दिवस हातात ठेवा.
आईंना बोट लागते का?

तवंदीघाट:
एस्टीपण लागते.

हिरण्यकेशी:
मग डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घेऊन ठेवा, बोट सुटण्यापूर्वी घ्यायची असते. आदल्या रात्री हलकं जेवण. माझं मत विचाराल तर जूनमध्ये जा. ज्येष्ठ पौर्णिमेला, आपल्या वटपौर्णिमेच्या सुमाराला, त्यांची पोसोन पोया असते. अशोकाचे पुत्र, भिक्खू महिंद थेर लंकेत आले तो दिवस. मिहिंतले अनुराधपुरापासून 13 किलोमीटरवर, तिथं लाखोंनी लोक जमतात, वाटेत दानसल लावून फुकट जेवू घालतात. बोटही चालू असते.

तवंदीघाट:
जूनमध्ये पेरणी. भाऊ आणि वहिनी शेत सोडून येऊ शकत नाहीत. त्यात शाळा उघडतात.

लोंढा_जंक्शन:
मग फेब्रुवारीचा शेवट धरा की. समुद्र निवळलेला असतो, ऊनही चढलेलं नसतं. तिकडं दर पौर्णिमेला पोया असते आणि सरकारी सुट्टी असते, बोधिवृक्षापाशी गर्दी असतेच.

सांबरा_धावपट्टी:
फेब्रुवारीत बोट सुरू व्हायला उशीर झाला तर? वेळांकणीची तीच गाडी त्रिचीवरनं जाते. बोटीची तारीख जाहीर झाली नाही तर त्रिचीला उतरून जाफन्याचं विमान पकडायचं. हे मनात ठेवूनच निघा, सहा माणसं घेऊन बंदरावर बसून राहायची पाळी नको. मी विमानवाला आहे, पण आईंची बोट चुकू नये असं मलाही वाटतं.

तवंदीघाट:
आईला सगळं वाचून दाखवलं. जंबुकोलचं ऐकल्यावर म्हणाली, पौर्णिमा कुठलीही चालेल, बोट पाहिजे. मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे, ती आणि तिची आई मागं राहतील. म्हणजे आम्ही चौघं, फेब्रुवारी. मुलीचा पासपोर्ट सध्या राहू दे, आई आणि वहिनीचे दोन काढायचे. आधारवर आईचं नाव वेगळं आहे, सोमवारी त्याच कामाला जातो. वास्को गाडीचं रिझर्वेशन किती दिवस आधी उघडतं?

लोंढा_जंक्शन:
60 दिवस. नोव्हेंबर 2024 पासून, आधी 120 होते. सकाळी आठला उघडतं, जाण्याचं आणि येण्याचं वेगवेगळं काढा.