उत्तर: आवाजाच्या कामासाठी मॉनिटर स्पीकर

बोलण्याचं रेकॉर्डिंग आणि एडिटिंग करायला मॉनिटर स्पीकर (आवाज जसा आहे तसा ऐकवणारा स्पीकर) घ्यायचा, तर त्यालाही आठ इंची वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा भाग, हवाच, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय; ते मत मला पटत नाही. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ हर्ट्झच्या वर असतो, बाईचा त्याहून बराच वर. तेवढं पाच इंची वूफर आरामात देतो. उरलेले पैसे खोलीवर खर्च करा.

या चर्चेत खोलीच्या मापाबद्दल कुणीच बोललेलं नाही. १० बाय १० फुटांच्या खोलीत ५६ आणि ११२ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो. मागच्या भिंतीला टेकून बसलात की हे दोन्ही स्वर फुगून ऐकू येतात, म्हणून तुम्ही एडिटमध्ये खालचे स्वर कापता आणि दुसरीकडे तोच आवाज किरटा वाजतो. मी खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली, मागे जाड गादी उभी केली. फरक लगेच कळला. श्वास, ओठांची टकटक मात्र हेडफोनवरच तपासा.