जर्मन शून्यापासून: जवळ क्लास नाही, सुरुवात कशी करू?

धुळेकरीण
रामराम मंडळी. नर्सिंग झालंय, आता जर्मन पहिल्यापासून शिकायचंय. रोज दीड तास देता येईल. आधी व्याकरण की बोलणं? नामाचं लिंग दाखवणारी आर्टिकलं, डेअर (पुल्लिंग)-डी (स्त्रीलिंग)-दास (नपुंसक), लक्षात कशी ठेवायची? आणि ए-वनला, म्हणजे पहिल्या पातळीच्या परीक्षेला, किती महिने धरू?

तापीकाठ
ताई, आधी आवाज. पहिले आठ-दहा दिवस फक्त उच्चारावर घाला, चुकीचं बसलेलं नंतर खरवडून काढणं महाग पडतं.

'त्साइट' म्हणजे वेळ. त्याचा पहिला आवाज आपल्या 'चोर', 'चांगला'मधल्या च सारखाच. म्हणजे मराठी जिभेला तो येतोच. पण तो लिहितात झेडने, आणि झेड अक्षर दिसलं की इंग्रजीची सवय आडवी येते आणि तोंडातून 'झाइट' निघतं. झाइट म्हणजे 'पासून', अर्थच बदलला. डब्ल्यूचा उच्चार व. व्हीचा बऱ्याचदा फ, म्हणून वडील 'फाटर'.

दोन टिंबांचा यू: 'ई' म्हणत राहा, जीभ हलवू नका, फक्त ओठ 'ऊ'सारखे गोल करा. दोन टिंबांचा ओ तसाच, 'ए' म्हणत ओठ 'ओ'चे. टिंबं गाळली तर 'सुंदर' अर्थाच्या जर्मन शब्दाचा अर्थ 'आधीच' होतो.

आणि वहीत जर्मन देवनागरीत लिहू नका. इथे मी लिहितोय ते नाइलाजाने; 'मी'साठी 'इष' लिहिलं तरी खरा आवाज 'ह्या'तल्या ह च्या जवळचा, कुजबुजल्यासारखा आहे.

भरीतपुरी
लिंगाबद्दल: मराठीवरून अंदाज बांधू नका. आपला सूर्य 'तो', त्यांचा 'डी झोने', म्हणजे ती. आपलं टेबल 'ते', त्यांचं 'डेअर टिश'. मुलगी मात्र 'दास मेडशेन', नपुंसक! कारण शेवटी '-शेन' लागलं की नाम नपुंसक होतं. हसू नका, आपणही 'ते पोरगं' म्हणतोच. '-उंग', '-हाइट', '-काइट' या प्रत्ययांनी बनलेली नामं डी.

बाकी पाठांतर. नाम एकटं कधीच लिहायचं नाही. आर्टिकल, नाम, अनेकवचन असे तिन्ही एका दमात म्हणायचे. रोज 10 ते 12 नवे शब्द पुरेत, 40 घेतले तर आठवड्याने 35 गेलेले असतात.

खरी गोची विभक्तीत होते. मराठीत 'मी रामला बघतो' आणि 'मी रामला पुस्तक देतो', दोन्हीकडे 'ला'. जर्मनमध्ये पहिला अकुझाटिफ (ज्याला बघतो तो), दुसरा डाटिफ (ज्याला देतो तो). अकुझाटिफमध्ये फक्त पुल्लिंगी आर्टिकल बदलतं, डेअरचं डेन. डाटिफमध्ये मात्र एकवचनात डेम, डेअर, डेम. म्हणजे स्त्रीलिंगी 'डी'चं 'डेअर' होतं! वाक्यात डेअर दिसलं की पुल्लिंग समजणारे इथेच फसतात. मिट, नाख, बाय, झाइट, फॉन, त्सू, आउस या नामाआधी येणाऱ्या अव्ययांनंतर कायम डाटिफ, पाढ्यासारखं घोका.

केळीचा घड
वाक्यरचना राहिली. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी. 'मी आज जळगावला जातो' म्हणजे 'इष फारे हॉयटे नाख जळगाव'. 'आज' पुढे आणलं तर 'हॉयटे फारे इष', कर्ता मागे जातो. मराठीच्या सवयीने क्रियापद शेवटी ढकलणं ही आपली ठरलेली चूक. पण 'वाइल' (कारण) आणि 'दास' (की) यांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यात ते शेवटीच येतं. इंग्रजीवाले तिथे अडखळतात, आपण नाही.

आकड्यांसाठी तर इंग्रजी बाजूलाच ठेवा. पंचवीस म्हणजे 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिष', पाच आणि वीस. आधी एकक, आपल्यासारखंच. फक्त एकोणतीसला 'नऊ आणि वीस' म्हणायचं. घड्याळात मात्र सांभाळा: 'हाल्प द्राय' म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे.

धुळेकरीण
अडीचचं बेस्ट! परीक्षेचं सांगा ना कोणीतरी.

भरीतपुरी
ही परीक्षा घेणारी जर्मन संस्था गोएथे इन्स्टिट्यूट ए-वनला 45 मिनिटांच्या 80 ते 200 तासिका धरते. तुमच्या दीड तासात रोज दोन बसतात, म्हणजे चार महिने धरा.

पेपर असा: ऐकणं साधारण 20 मिनिटं, वाचन 25, लेखन 20, बोलणं 15. शंभरपैकी 60 ला पास. लेखनात एक फॉर्म भरायचा आणि सुमारे 30 शब्दांचा निरोप लिहायचा. दिलेल्या तीन मुद्द्यांपैकी एकही सुटला की मार्क जातात. शब्दयादी त्यांच्या साइटवर फुकट आहे, साधारण 650 शब्द.

तापीकाठ
भो, चार महिने शिक्षक असला तर. एकटीने सहा धरा. तोंडी परीक्षा गटात असते, समोरच्याला प्रश्न विचारावे लागतात. ते आरशासमोर जमत नाही. आठवड्यातून दोनदा फोनवर कोणीतरी जोडीदार हवाच. ऐकण्यासाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे फुकट धडे लावा: आधी न वाचता दोनदा, मग मजकूर बघत एकदा, शेवटी त्यांच्यासोबत मोठ्याने.

आणि ए-वनवर थांबू नका, नर्स म्हणून मान्यतेला तिकडे साधारण बी-टू, म्हणजे चौथी पातळी, लागतं. परीक्षा पुण्याला किंवा मुंबईला मॅक्स म्युलर भवनात (गोएथे इन्स्टिट्यूटचं इथलं नाव) देता येते. नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका.

धुळेकरीण
आभार सगळ्यांचे. ती टिंबं फोनवर कशी काढायची?

केळीचा घड
अक्षर दाबून धरा, टिंबवालं वर येतं. नाहीच आलं तर साध्या अक्षरानंतर इंग्रजी ई (e) जोडा, चालतं.