मदत हवी आहे: दडपशाहीतली भीती दाखवणारी चित्रं

नमस्कार मंडळी, राजकीय दडपशाहीत जगणाऱ्या लोकांची भीती चित्रांत कशी उतरते, यावर लेख लिहायला घेतलाय आणि गाडी अडली आहे.

स्पॅनिश चित्रकार गोयाचं '३ मे १८०८' घ्या. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस हात पसरून, डोळे विस्फारून उभा. बंदुका रोखलेल्या फ्रेंच सैनिकांचे चेहरे मात्र दिसतच नाहीत, नुसत्या पाठी. मला तर खरी दहशत त्या पाठींतच वाटते. पण हे चित्र १८१४ चं, म्हणजे फ्रेंच सैन्य स्पेनमधून गेल्यावरचं.

उलट चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर, हुकूमशहा पिनोशेची सत्ता चालू असतानाच बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून 'अर्पियेरा' नावाची कापडी चित्रं केली. रंग इतके भडक की लांबून जत्राच वाटावी; जवळून पाहिलं की बेपत्ता माणसांना शोधणाऱ्या बाया दिसतात.

मला हवी आहेत ती या दुसऱ्या जातीची उदाहरणं: दहशत चालू असतानाच केलेली, भीती आडून सांगणारी. पूर्व युरोपातली कोणाला ठाऊक आहेत का? व्यंगचित्रं नकोत, ती भरपूर जमली आहेत. चित्राचं नाव, साल आणि ते कुठल्या संग्रहालयात आहे एवढं कळलं तरी पुढचं मी शोधेन.