प्रेसमध्ये बोटं गेली, मालक स्टॅम्पवर 75 हजार देतोय. खरा हिशेब किती?

दिघा_चाळकमिटी

आमच्या चाळीतल्या एका कामगारासाठी विचारतोय. रबाळे एमआयडीसीत पत्र्याचं जॉबवर्क करणारं युनिट, हा पॉवर प्रेस ऑपरेटर, वय 34 पूर्ण. 12 ऑगस्ट 2025 ला सेकंड शिफ्टमध्ये 30 टनी प्रेसवर उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली, मधल्या बोटाचं वरचं एक पेर गेलं. हॉस्पिटलचं बिल मालकाने भरलं. नंतरची औषधं, ड्रेसिंग, फिजिओथेरपी मिळून 38,400 रुपये घरच्यांचे गेले. 10 नोव्हेंबरला डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं, पण मालक घेत नाही. "प्रेसवरचा सुरक्षा गार्ड तूच काढलास" म्हणतो.

आता 500 च्या स्टॅम्पवर "यापुढे कोणतीही मागणी नाही" अशी सही करायची आणि 75 हजार घ्यायचे, असं चाललंय. महिन्याला हातात 22,000 यायचे, काही बँकेत, काही रोख. ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत नव्हते. मालकाचं म्हणणं, आमच्याकडे आठच माणसं, आम्हाला लागू नाही. नक्की किती मिळायला हवं, अर्ज कुठे करायचा, आणि त्याला खर्च किती येईल?

हिशेबनीस_ऐरोली

ईएसआय खरंच लागू नाही असं धरून आधी आकडा काढू.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, पण हा अपघात त्याआधीचा. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच उभा राहतो, त्यामुळे 1923 चाच कर्मचारी भरपाई कायदा इथे धरायचा. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मासिक वेतनाचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणक. वेतन कितीही असो, 3 जानेवारी 2020 पासून हिशेबाला जास्तीत जास्त 15,000 धरतात. 34 वर्षांचा गुणक 199.40. म्हणजे 9,000 गुणिले 199.40, बरोबर 17,94,600.

हे झालं 100 टक्क्यांचं. अंशतः अपंगत्वाला पहिल्या परिशिष्टातला टक्का लावायचा. तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधल्या बोटाचं एक पेर गेलं तर 7. एकाच अपघातातल्या जखमांची बेरीज होते, म्हणून 21 टक्के. भरपाई 3,76,866 रुपये. इथे एक चूक बरेच जण करतात: "दोन बोटं गेली" म्हणून 20 टक्क्यांची नोंद लावतात. ती दोन्ही बोटं पूर्ण गेल्यावर लागते. आणि मधलं बोट उरलंय खरं, पण ते वळतच नसेल, कायमचं निकामी झालं असेल, तर परिशिष्टाखालच्या टिपेनुसार ते गेल्यातच जमा. म्हणून फिजिओच्या कागदावर बोट किती अंशात वळतं ते लिहून घ्या.

याशिवाय तात्पुरत्या अपंगत्वाचे दर पंधरवड्याला वेतनाचे 25 टक्के, म्हणजे 3,750. पहिले तीन दिवस सुटतात, पण अपंगत्व 28 दिवस किंवा जास्त चाललं तर पहिल्या दिवसापासून धरतात. 12 ऑगस्ट ते 10 नोव्हेंबर म्हणजे सहा पंधरवडे, 22,500. वर 38,400 चा औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च, तोही मालकावरच आहे. बिलं मूळ हवीत. मेडिकलवाल्याच्या चिठ्ठीवर रुग्णाचं नाव आणि तारीख नसेल तर आत्ताच दुकानातून डुप्लिकेट काढून घ्या.

देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर सरळव्याज 12 टक्के. या रकमेवर ते महिन्याला साधारण 3,769 होतं. आणि उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड, म्हणजे 1,88,433 पर्यंत. मालकाने कर्मचारी भरपाईची विमा पॉलिसी घेतली असेल तर कंपनीलाही प्रतिवादी करा. भरपाई आणि व्याज ती देते. दंड मात्र मालकाच्याच खिशातून जातो, सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच ते स्पष्ट केलंय. 75 हजारांची घाई का आहे, ते यावरून कळेल.

वाशी_कामगारसेवा

स्टॅम्पबद्दल. या कायद्याखालचा हक्क सोडून देणारा करार कलम 17 ने रद्दबातल ठरतो. 500 चा असो नाहीतर 5,000 चा. तडजोड करायचीच असेल तर तिचा लेखी मसुदा (ज्ञापन) भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणीला पाठवलंच नाही तर मालकावर पूर्ण भरपाईची जबाबदारी राहते. वर, आधी दिलेल्या रकमेतले निम्म्याहून जास्त वळते करता येत नाहीत, आयुक्तांनी वेगळं सांगितलं तरच. म्हणजे 75 हजार घेऊनही दावा लावता येतो आणि मालकाला साधारण 37,500 चीच वजावट मिळते. तरी सही नकोच. पुढे उलटतपासणीत तो कागद दाखवून दोन तारखा खातील.

हॉस्पिटलचं बिल मालकाने भरलं म्हणून तेही भरपाईतून कापायचं म्हणेल. कापता येत नाही. उपचारावरचा खर्च हा भरपाईचा हप्ता धरत नाहीत, असं कायद्यात लिहिलेलंच आहे.

आणखी एक, डिस्चार्ज कार्ड काढून "अपघात कसा झाला" ही ओळ वाचा. मेडिक्लेममध्ये बसवण्यासाठी मालकाची माणसं कधी कधी "घरी दारात बोट अडकलं" असं सांगून येतात. तसं असेल तर केसपेपर आणि एमएलसीच्या (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाच्या) नोंदीची प्रत मागा, दाखल करताना सोबत कोण होतं त्याचं नाव टिपून ठेवा.

रबाळे_प्रेसफिटर

गार्डच्या आरोपाला उत्तर मशीनवरच सापडतं. पण कायदा आधी. कामगाराने सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं, त्यामुळेच इजा झाली, आणि ते सुरक्षेसाठी आहे हे त्याला माहीत होतं, एवढं मालकाला सिद्ध करावं लागतं. तसं सिद्ध झालं तर भरपाई जाते. मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वात हा बचाव चालत नाही, पण 21 टक्क्यांच्या प्रकरणात चालतो. तेव्हा हसण्यावारी नेऊ नका.

जुन्या रोलिंग की क्लचच्या प्रेसला पेडल एकदा दाबलं तरी स्लाइड, म्हणजे वरून खाली येणारा भाग, दुसऱ्यांदा खाली येऊ शकते. की झिजलेली, स्प्रिंग मेलेलं, नाहीतर ब्रेकची लायनिंग तेलाने माखलेली. याला शॉपवर डबल स्ट्रोक म्हणतात. त्या स्ट्रोकमध्ये ऑपरेटर पीस काढायला हात घालतो आणि बोट डायमध्ये सापडतं. अशा वेळी पेडलवर पाय नसतोच, मग "निष्काळजीपणा" कसला? मेंटेनन्स रजिस्टरमध्ये त्या प्रेसच्या की किंवा ब्रेकची नोंद आहे का बघा, फिटरला कोणी "डबल मारतेय" असा मेसेज टाकला होता का ते शोधा.

दोन बटणांची प्रेस असेल तर एक बटण टेपने दाबून ठेवलेलं असतं. उत्पादन वाढवायला हे सुपरवायझरच सांगतो. बाकीच्या प्रेसवरही गार्ड नाहीत, टेप आहे, हे दिसणारे अपघाताआधीचे फोटो, रील, कामाच्या ग्रुपवरचे व्हिडिओ जपून ठेवा. सगळ्या मशीनवर गार्ड नाही म्हणजे एका माणसाने मुद्दाम काढला हे टिकत नाही. अपघातानंतर आठवड्याभरात नवे पिवळे गार्ड बसवतात, त्यावर जाऊ नका.

ठाणे_ईएसआयवाला

हिशेबनीस साहेबांचं गणित बरोबर आहे, पण त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारला नाही. हे युनिट खरंच ईएसआयच्या बाहेर आहे का? असेल तर भरपाई आयुक्त. आत असेल तर ईएसआय कायद्याचं कलम 53 आयुक्तांकडचा रस्ता बंद करतं. दोन्ही घेता येत नाही. दोन-तीन वर्षं दावा चालवायचा आणि शेवटी "तुम्ही विमाधारक होता" म्हणून तो फेटाळला जायचा, हा धोका खरा आहे.

चाळकमिटी दादा, तीन गोष्टी सांगा. 22,000 मध्ये ओव्हरटाइम किती? 1 एप्रिल 2025 ला ओव्हरटाइम सोडून पगार किती होता? आणि ठेकेदाराची, पॅकिंगची, हेल्परची माणसं धरून एकूण किती जण काम करतात?

कारण 21,000 ची मर्यादा ओव्हरटाइम वगळून बघतात. एप्रिल ते सप्टेंबर या अंशदान (ईएसआयचा हप्ता) काळात मध्येच पगार वाढून मर्यादा ओलांडली तरी 30 सप्टेंबरपर्यंत माणूस ईएसआयमध्येच राहतो. आणि 10 माणसांत ठेकेदाराचीही धरतात. मागच्या 12 महिन्यांत एखाद्या दिवशी जरी 10 भरली असतील तरी पुरतं.

दिघा_चाळकमिटी

विचारून आलो. मूळ पगार 18,500, बाकी ओव्हरटाइम. मालकाच्या कागदावर आठ, पण ठेकेदाराची पाच माणसं रोज पॅकिंगला आणि लोडिंगला असतात. हजेरीचं पंचिंग सगळ्यांचं एकाच मशीनवर होतं.

ठाणे_ईएसआयवाला

मग 13. युनिट ईएसआयमध्ये येतं, नोंदणी केली नाही हा मालकाचा गुन्हा, कामगाराचा नाही. कामावरच्या इजेसाठी अंशदान किती भरलंय याची अट नसते, कामाच्या पहिल्या दिवसालाही संरक्षण असतं. ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देतं आणि मालकाकडून वसूल करतं.

आता फरक बघा. सरासरी रोजचं वेतन 22,000 वरून ढोबळ 733 धरू, कारण अंशदानाला ओव्हरटाइम धरतात. तात्पुरत्या अपंगत्वात 90 टक्के, म्हणजे रोज 660. महिन्याला 19,800. आयुक्तांकडे हेच 7,500 होते. कायमच्या अंशतः अपंगत्वात 660 चे 21 टक्के, रोज 138 रुपये 60 पैसे, महिन्याला साधारण 4,158, आणि हे तहहयात. साडेसात वर्षांत ते 3,76,866 च्या बरोबरीला येतं. माणूस 34 चा आहे. मालकाला मात्र एकरकमी आकडा बरा वाटतो, कारण तो घासाघीस करून कमी करता येतो.

पद्धत अशी. ठाण्याच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी तक्रार: युनिटचं नाव-पत्ता, 13 जणांची नावं, पंचिंगचे फोटो, बँकेत आलेल्या पगाराचं स्टेटमेंट, केसपेपर, अपघाताची तारीख आणि वेळ. पोचपावतीचा शिक्का घ्या, तोंडी सांगून उठू नका. सामाजिक सुरक्षा अधिकारी तपासणीला जातो. मालकाने अपघाताचा अहवाल फॉर्म 12 मध्ये द्यायचा असतो. त्याने दिला नाही तर कामगाराने आपल्या बाजूची लेखी सूचना शाखा कार्यालयात द्यावी. इजा कामामुळे झाली हे मान्य झालं की वैद्यकीय मंडळ कमाईक्षमतेची हानी किती ते ठरवतं. मंडळापुढे एक्स-रे आणि ऑपरेशनची नोंद न्या. सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्व प्रमाणपत्र शरीराचा टक्का सांगतं, कमाईचा नाही, त्यामुळे त्यावरचा आकडा कमी असला तरी घाबरू नका.

हिशेबनीस_ऐरोली

बरोबर, ईएसआयचं आधी बघायला हवं होतं. माझा आकडा मग बाजूला ठेवा, पण फेकू नका. तपासणीत मालकाने ठेकेदाराची माणसं दुसऱ्याच युनिटची दाखवली आणि युनिट बाहेर ठरलं, तर तोच उपयोगी पडेल. भरपाईचा दावा अपघातापासून 2 वर्षांत लावायचा, म्हणजे ऑगस्ट 2027 च्या आत. 20 पेक्षा कमी माणसं म्हणून महाराष्ट्रात कारखाना कायदा लागला नाही तरी भरपाई कायद्याला विजेवर चालणारी मशीन असलेलं उत्पादनाचं ठिकाण पुरतं. दावा ठाण्याच्या कामगार न्यायालयात, तिथले न्यायाधीशच आयुक्त असतात. रबाळे, महापे, तुर्भे ठाणे जिल्ह्यात. तळोजा रायगडमध्ये जातं, पण कामगार राहतो त्या हद्दीतही दावा चालतो.

पगाराच्या पुराव्यात जीव अडकवू नका. मर्यादा 15,000 ची आहे, तेवढे मिळत होते हे दिसलं की झालं. 18,500 मधले बँकेत आलेलेच 15,000 च्या वर असतील तर रोखीचा वाद काढायचीही गरज नाही.

वाशी_कामगारसेवा

खर्चाचं राहिलं. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ठाणे जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आधार, केसपेपर आणि कामाचा कोणताही एक पुरावा घेऊन जा. आयुक्तांपुढे नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही लेखी अधिकारपत्रावर उभा राहू शकतो. "मिळालेल्या पैशातले 25 टक्के" मागणारा कोणी कोर्टाच्या आवारात भेटला तर त्याच्या हातात मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.

दिघा_चाळकमिटी

आज पंचिंग मशीनचा फोटो मिळाला, त्यावर युनिटचं नाव आणि अनुक्रमांक दिसतोय. ठेकेदाराच्या पाचपैकी तिघे नाव द्यायला तयार आहेत. तक्रार सोमवारी ठाण्याला देतोय, दोन प्रती करून.

ठाणे_ईएसआयवाला

तीन करा. एक शाखा कार्यालयाला. आणि बाकीच्या दोघांची नावंही लिहा, ते तयार नसले तरी. हजेरी मशीनमध्ये आहेच.